छापा, पंचनामा आणि पाचशे रुपयांचा दंड : देहविक्रयाच्या खटल्यात कायदा नेमके काय सांगतो?

लॉजवर किंवा भाड्याच्या खोलीवर छापा पडला, की त्याची बातमी बहुधा चार ओळींत संपते. इतक्या महिलांची सुटका, इतक्या जणांना अटक, इतकी रोकड व इतके मोबाईल जप्त. त्यानंतर त्या महिलांचे काय होते, त्यांच्यावर कोणते कलम लागते, न्यायालयात त्या काय सांगू शकतात आणि कोणत्या टप्प्यावर त्यांना वकील मिळायला हवा, हे वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचते. बेळगाव शहरातील खडेबाजार असो, महामार्गालगतचे निपाणी असो किंवा गोव्यातील किनारपट्टी असो, सर्वत्र लागू होणारा केंद्रीय कायदा एकच आहे. त्याचा अर्थ मात्र पोलीस ठाण्यात एक, न्यायालयात दुसरा आणि लोकमानसात तिसराच लावला जातो.

हा कायदा म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. बोलीभाषेत आणि बातम्यांत तो ‘पिटा’ म्हणून ओळखला जातो. न्यूयॉर्क येथे ९ मे १९५० रोजी स्वाक्षरी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पूर्ततेसाठी तो संमत झाला. त्याचे मूळ नाव ‘स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापाराचे दमन’ करणारा कायदा असे होते. १९८६च्या दुरुस्तीने हे नाव बदलले आणि कायद्याची व्याप्ती स्त्री-पुरुष दोहोंपर्यंत वाढली.

गुन्हा कशाला म्हणायचे?

सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. सज्ञान व्यक्तीने स्वेच्छेने देहविक्रय करणे, एवढीच कृती या कायद्याने शिक्षापात्र ठरवलेली नाही. कायदा शिक्षा करतो ती त्या कृतीभोवतीच्या व्यवहारांना. कुंटणखाना चालवणे किंवा त्यासाठी जागा देणे (कलम ३), दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणे (कलम ४), या व्यवसायासाठी कोणाला आणणे, फूस लावणे वा प्रवृत्त करणे (कलम ५), डांबून ठेवणे (कलम ६), सार्वजनिक स्थळाच्या परिसरात देहविक्रय करणे (कलम ७) आणि सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईकाला खुणावणे वा आवाहन करणे (कलम ८) हे ते व्यवहार होत.

यांपैकी कलम ३ ते ६ यांचा रोख मुख्यतः चालक, दलाल आणि तस्कर यांच्यावर आहे. कलम ७ आणि ८ मात्र थेट त्या स्त्रीवर येऊन ठेपतात. बचावाचा विचार करताना ही विभागणी आधी ध्यानात घ्यावी लागते. ज्या महिलेला पोलिसांच्या कागदात ‘पीडित’ म्हटले आहे तिची बाजू वेगळी, आणि जिला ‘आरोपी’ म्हटले आहे तिची वेगळी. एकाच छाप्यातील एकाच खोलीतल्या दोन स्त्रियांची नोंद अशा दोन प्रकारे होऊ शकते.

‘कुंटणखाना’ या शब्दाची व्याख्याही मोलाची आहे. दुसऱ्याच्या लाभासाठी, किंवा देहविक्रय करणाऱ्या दोन वा अधिक व्यक्तींच्या परस्पर लाभासाठी लैंगिक शोषणाकरिता वापरलेले घर, खोली, वाहन वा जागा म्हणजे कुंटणखाना. एकटी स्त्री स्वतःच्या खोलीत स्वतःपुरता व्यवसाय करत असेल, तर ती खोली या व्याख्येत बसत नाही, असा युक्तिवाद त्यामुळे करता येतो आणि न्यायालयांनी तो वेळोवेळी मान्य केला आहे. मात्र भाडे परवडत नाही म्हणून दोघी एकत्र राहू लागल्या, की त्याच खोलीवर कुंटणखान्याचा शिक्का बसण्याची वाट मोकळी होते. सुरक्षिततेसाठी सोबत राहणेच अशा वेळी अंगाशी येते.

दोनशे मीटरचे गणित

कलम ७ नुसार सार्वजनिक पूजास्थान, शिक्षणसंस्था, वसतिगृह, रुग्णालय वा शुश्रूषागृह यांपासून दोनशे मीटरच्या आत, तसेच प्रशासनाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात देहविक्रय केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. हे कलम गिऱ्हाईकालाही लागू आहे.

कागदावर ही तरतूद मर्यादित भासते. पण ती खडेबाजारासारख्या भागात लावून पाहावी. गणपत गल्ली, मारुती गल्ली आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद बोळांनी विणलेल्या या जुन्या बाजारपेठेत देवळापासून, मशिदीपासून, शाळेपासून किंवा दवाखान्यापासून दोनशे मीटर दूर असे ठिकाण शोधू जाता ते सापडणे कठीण. कोणत्याही जुन्या भारतीय शहराच्या मध्यवस्तीची हीच स्थिती आहे. परिणामी जी कृती कायद्याने सरसकट गुन्हा ठरवलेली नाही, ती भूगोलामुळे जवळजवळ सर्वत्र गुन्हा ठरते.

म्हणूनच या कलमाखालील खटल्यात अंतर हा पुराव्याचा विषय असतो, गृहीत धरण्याचा नव्हे. अंतर कोणी मोजले, कोठून कोठपर्यंत मोजले, पंचनाम्यात त्याची नोंद आहे का, संबंधित वास्तू कायद्यात सांगितलेल्या प्रकारात मोडते का, जागा अधिसूचित असल्याचे म्हणणे असेल तर ती अधिसूचना न्यायालयासमोर ठेवली आहे का, हे प्रश्न बचाव पक्षाने विचारायचे असतात. ‘मंदिराजवळ’ एवढा शब्द पुरेसा नाही.

नुसते उभे राहणे हा गुन्हा नाही

कलम ८ हे रस्त्यावर, बसस्थानकाजवळ वा बाजारात पकडलेल्या स्त्रियांना लावले जाते. त्याचे घटक तीन आहेत. कृती सार्वजनिक ठिकाणी, अथवा तेथून दिसेल वा ऐकू येईल अशी घडलेली असावी. शब्द, हावभाव, अंगप्रदर्शन, आवाहन किंवा ये-जा करणाऱ्यांना उपद्रव होईल असे रेंगाळणे, यांपैकी निश्चित कृती असावी. आणि ती देहविक्रयाच्या हेतूने केलेली असावी. तिन्ही घटक सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो.

यातून बचावाची सरळ दिशा निघते. कोणाला आवाहन केले, कोणत्या शब्दांत वा खुणेने केले, ते ऐकणारा वा पाहणारा स्वतंत्र साक्षीदार कोण, हे दोषारोपपत्रात नसेल तर आरोप पोकळ राहतो. एखादी स्त्री पूर्वी या व्यवसायात होती, ती पोलिसांच्या ओळखीची आहे, रात्री उशिरा ती स्थानकाबाहेर उभी होती, या बाबींनी त्या दिवशीची कृती सिद्ध होत नाही. तिच्या पिशवीत निरोध सापडले, हाही पुरावा ठरू शकत नाही. आरोग्यासाठीच्या साधनांना गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०२२चे स्पष्ट निर्देश आहेत.

कबुलीचा सापळा

या कलमाखाली पहिल्या दोषसिद्धीला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पाचशे रुपये भरून सुटता येत असेल तर वकील कशाला, तारखा कशाला, असा विचार साहजिकच होतो. ‘गुन्हा कबूल’ म्हणून मोकळे व्हा, असा सल्ला देणारेही भेटतात.

ही कबुली स्वस्त नसते. पुढच्या दोषसिद्धीला कारावासाची मर्यादा एक वर्षापर्यंत जाते. त्याहून गंभीर आहे ते कलम १०-अ. कलम ७ वा ८ खाली दोषी ठरलेल्या स्त्रीचे चारित्र्य, आरोग्य, मनःस्थिती आणि प्रकरणाची परिस्थिती पाहून न्यायालय कारावासाऐवजी तिला ‘सुधारण्यासाठी’ संस्थेत ठेवण्याचा आदेश देऊ शकते. ही मुदत दोन वर्षांहून कमी आणि पाच वर्षांहून अधिक असू शकत नाही. म्हणजे ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद, त्याच गुन्ह्यात सुधारणेच्या नावाखाली किमान दोन वर्षे बंदिस्त जीवन वाट्याला येऊ शकते. कबुलीजबाबाच्या कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी ही गोष्ट त्या स्त्रीला तिच्या भाषेत कोणी तरी समजावून सांगणे, हा बचावाचा पहिला धडा आहे.

कलम ७ आणि ८ खालील गुन्हे दखलपात्र असले, तरी शिक्षेचे प्रमाण पाहता ते जामीनपात्र वर्गात मोडतात. अशा गुन्ह्यात जामीन ही मेहेरबानी नसून हक्क असतो.

छापा कोणी आणि कसा टाकायचा?

या कायद्याने पोलिसांना मोठे अधिकार दिले आणि त्याच वेळी त्यांना चौकटही घातली. तपासाचा अधिकार कोणत्याही हवालदाराला किंवा ठाणे अंमलदाराला नाही. कलम १३ नुसार राज्य सरकारने नेमलेला, निरीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाचा ‘विशेष पोलीस अधिकारी’ त्या क्षेत्रासाठी असावा लागतो. वॉरंटशिवाय अटक त्यानेच, त्याच्या मार्गदर्शनाखाली किंवा पूर्वसंमतीने करायची असते. हाताखालच्या अधिकाऱ्याला पाठवायचे तर व्यक्ती व गुन्हा नमूद करून लेखी आदेश द्यावा लागतो. निकडीच्या प्रसंगी खास अधिकार दिलेल्या उपनिरीक्षकापुरता अपवाद आहे. विशेष अधिकाऱ्याची ही भूमिका शोभेची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकाच्या प्रारंभीच दिल्लीतील रामसिंग प्रकरणात स्पष्ट केले होते.

कलम १५ झडतीविषयी आहे. वॉरंट न घेता झडती का घ्यावी लागत आहे, याची कारणे अधिकाऱ्याने आधी लिहून ठेवायची. परिसरातील दोन वा अधिक प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे आणि त्यांत किमान एक स्त्री असली पाहिजे. पथकासोबत किमान दोन महिला पोलीस असल्या पाहिजेत. तेथून हलवलेल्या स्त्रीची चौकशी महिला पोलिसाने करायची, आणि ती उपलब्ध नसेल तर मान्यताप्राप्त कल्याणकारी संस्थेच्या महिला सदस्याच्या उपस्थितीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरणही आवश्यक केले आहे.

अनेक प्रकरणांत पोलीस ‘बनावट गिऱ्हाईक’ पाठवतात. क्रमांक टिपून ठेवलेल्या नोटा त्याच्याकडे देतात आणि इशारा मिळताच आत शिरतात. येथे उलटतपासणीला वाव असतो. नोटांचे क्रमांक छाप्यापूर्वीच्या पंचनाम्यात आहेत का, त्याच नोटा कोणाच्या ताब्यात सापडल्या, तोच पंच याआधी किती छाप्यांत हजर होता, इशारा देणाऱ्याने आत नेमके काय पाहिले, हे प्रश्न निर्णायक ठरतात.

एक सावधगिरी मात्र हवी. झडतीतील प्रत्येक त्रुटीमुळे खटला आपोआप कोसळत नाही. अशा उणिवांनी पुराव्याचे वजन घटते, संशयाचा फायदा मिळू शकतो. पण अल्पवयीन मुलगी सापडली असेल किंवा डांबून ठेवल्याचा ठोस पुरावा असेल, तर केवळ तांत्रिक मुद्द्यावर सुटण्याची आशा धरणे व्यर्थ आहे आणि ते व्यर्थच असावे. अल्पवयीनाची संमती कायद्यात संमती नाही.

‘सुटका’ झालेल्या स्त्रीचा कैदखाना

‘पीडित’ ठरलेल्या स्त्रीवर खटला नसतो, पण ती लगेच घरी जातेच असे नाही. तिला तात्काळ दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचे असते. दंडाधिकारी तिचे वय, पूर्वस्थिती, घरच्यांची योग्यता यांची चौकशी करवतात. या चौकशीच्या काळात तिला तीन आठवड्यांपर्यंत सुरक्षित ताब्यात ठेवता येते. तिला संरक्षणाची गरज आहे असे ठरल्यास कलम १७(४) खाली एक ते तीन वर्षांसाठी संरक्षणगृहात पाठवण्याचा आदेश होऊ शकतो. त्याविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करता येते.

याच तरतुदीवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. मुंबईतील मालाड भागातून ताब्यात घेतलेल्या विशीतील तीन तरुणींना दंडाधिकाऱ्यांनी वर्षभरासाठी उत्तर प्रदेशातील संस्थेत धाडण्याचा आदेश दिला होता आणि सत्र न्यायालयाने तो कायम केला होता. न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी दोन्ही आदेश रद्द केले. देहविक्रय हाच मुळात गुन्हा ठरवणारी तरतूद या कायद्यात नाही, सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे आणि तिच्या संमतीशिवाय तिला अशा प्रकारे स्थानबद्ध ठेवता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

हा निर्णय महाराष्ट्राप्रमाणे गोव्यातील न्यायालयांवरही बंधनकारक आहे, कारण गोवा मुंबई उच्च न्यायालयाच्याच अधिकारक्षेत्रात येतो. बेळगाव जिल्हा मात्र कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठाखाली आहे. तेथे मुंबईचा निर्णय बंधनकारक नसून मार्गदर्शक ठरतो. सीमा ओलांडली की निवाड्याचे वजन बदलते, हे दोन्हीकडे वावर असलेल्या वकिलांनी ध्यानात ठेवायला हवे. गिऱ्हाईकाच्या बाबतीतही असाच फरक दिसतो. छाप्यात सापडलेल्या ग्राहकावर कलम ३ ते ६ लावता येत नाहीत, अशी भूमिका कर्नाटक उच्च न्यायालयाने अनेक प्रकरणांत घेतली, तर केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ग्राहकावर कलम ५ खाली खटला चालू शकतो, असे मत दिले.

२०२२च्या आदेशाचा खरा आवाका

सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात १९ मे २०२२ रोजी दिलेल्या आदेशाचा उल्लेख वारंवार होतो. ‘देहविक्रय आता कायदेशीर’ असे मथळेही तेव्हा झळकले. प्रत्यक्षात न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या शिफारशींपैकी काहींचीच अंमलबजावणी तत्काळ बंधनकारक करण्यात आली. लैंगिक अत्याचार झालेल्या देहविक्रयातील स्त्रीला इतर पीडितांप्रमाणेच वैद्यकीय व कायदेशीर मदत, संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांचा शोध, पोलिसांकडून सन्मानाची वागणूक, माध्यमांनी ओळख न उघड करणे, निरोध पुरावा न मानणे आणि विधी सेवा प्राधिकरणांमार्फत हक्कांची जाणीव करून देणे, या त्या शिफारशी.

सज्ञान व स्वेच्छेने व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत पोलिसांनी हस्तक्षेप करू नये, छाप्यात त्यांना अटक करू नये, या शिफारशींवर केंद्र सरकारने आक्षेप नोंदवले आणि न्यायालयाने त्यावर सरकारकडून उत्तर मागवले. म्हणून ‘सर्वोच्च न्यायालयाने अटक करू नका असे सांगितले आहे’ हा बचाव सरसकट मांडता येत नाही. त्या आदेशातील बंधनकारक भागावर बोट ठेवणे अधिक उपयोगी.

कन्नड कागद, मराठी आरोपी

सीमाभागात या सर्वांवर भाषेची आणखी एक गाठ बसते. बेळगाव वा निपाणीत फिर्याद, पंचनामा, जबाब हे कन्नडमध्ये लिहिले जातात. कोल्हापूर, सांगलीकडून आलेली किंवा सीमाभागातलीच मराठी भाषक स्त्री त्यावर सही करते, तेव्हा आपण कशावर सही केली हे तिला ठाऊक असतेच असे नाही.

या बाबतीत अलीकडे कायदा अधिक स्पष्ट झाला आहे. अटकेची कारणे कळवणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिलेला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शहा प्रकरणात ही कारणे लेखी आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावीत, असे ठरवले. ती तत्काळ देणे शक्य नसेल, तर दंडाधिकाऱ्यांसमोर रिमांडसाठी नेण्याच्या किमान दोन तास आधी मिळाली पाहिजेत. तसे न झाल्यास अटक व रिमांड बेकायदा ठरू शकतात. न्यायालयात साक्ष न समजणाऱ्या भाषेत होत असेल, तर तिचा अनुवाद आरोपीला ऐकवण्याची तरतूदही फौजदारी प्रक्रियेत आहे. ‘मला कन्नड येत नाही, मराठीत सांगा’ हे वाक्य सीमाभागात राजकीय घोषणेसारखे वाटेल. कोठडीत ते निव्वळ घटनात्मक हक्काचे वाक्य असते.

निपाणीने पाहिलेला संघर्ष

हक्कांची ही भाषा या भागाला नवी नाही. सांगलीत १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ हे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे संघटन उभे राहिले आणि त्याचे काम निपाणीपर्यंत पोहोचले. एचआयव्ही प्रतिबंधासाठी निरोध वाटणाऱ्या या स्त्रियांना निपाणीत सोसाव्या लागलेल्या त्रासाची नोंद ‘ह्युमन राइट्स वॉच’ने जुलै २००२ च्या अहवालात केली आहे. ज्या निरोधाला आज न्यायालय आरोग्याचे साधन म्हणते, तेच वाटण्यासाठी तेव्हा दहशत सोसावी लागत होती.

गोव्यालाही याचा अनुभव आहे. वास्कोजवळील बायणा किनाऱ्यावरील वस्ती जून २००४ मध्ये पावसाच्या तोंडावर जमीनदोस्त झाली. त्या वस्तीत सीमेपलीकडील कर्नाटकातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. वस्ती हटली तरी व्यवसाय नाहीसा झाला नाही. तो विखुरला आणि मदत करणाऱ्यांच्याही नजरेआड गेला.

घरमालक, मुले आणि वर्तमानपत्र

दोन तरतुदी सर्वसामान्य वाचकालाही स्पर्श करतात. आपली जागा कुंटणखान्यासाठी वापरली जात असल्याचे ठाऊक असूनही ती भाड्याने देणारा मालक शिक्षेस पात्र आहे. झडतीत ती जागा अशी वापरात आढळल्याचे वृत्त त्या भागातील वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाले, तर मालकाला ते ठाऊक होते असे कायदा गृहीत धरतो. ते खोटे ठरवण्याची जबाबदारी मग मालकावर येते. बातमीतील एका चुकीच्या पत्त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे यावरून कळावे.

दुसरी तरतूद कलम ४ ची. देहविक्रयाच्या कमाईवर जाणीवपूर्वक जगणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती दोन वर्षांपर्यंत कारावासास पात्र ठरते. दलालाला वेसण घालण्यासाठी आलेले हे कलम महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलालाही गाठू शकते, वृद्ध आईलाही. आपले स्वतंत्र उत्पन्न आहे किंवा आपण निव्वळ अवलंबित कुटुंबीय आहोत, हे शिधापत्रिका, शाळा-महाविद्यालयाचे दाखले, पगाराची पावती यांसारख्या कागदांनी दाखवणे हाच येथे बचावाचा मार्ग उरतो.

पहिले चोवीस तास

अटक झालेल्या कोणत्याही व्यक्तीला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक स्थितीत करायची झाल्यास महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. नातेवाईकाला वा मित्राला कळवण्याचा हक्क आहे. वकिलासाठी पैसे नसणे ही अडचण ठरू नये, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, किंवा १५१०० या देशव्यापी क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. दंडाधिकाऱ्यांसमोर उभी राहिलेली स्त्री तोंडी सांगूनही वकील मागू शकते.

तस्करांना आणि मुलींचा बाजार मांडणाऱ्यांना कठोर शासन झालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. कायद्याचा मूळ हेतूही तोच आहे. पण छाप्यांच्या आकड्यांत ज्या स्त्रिया मोजल्या जातात, त्यांच्यापैकी कोण फसवून आणलेली, कोण अल्पवयीन आणि कोण सज्ञान व स्वेच्छेने राहणारी, हे ठरते ते पुराव्यावरून आणि त्या स्त्रीचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. ते म्हणणे न्यायालयापुढे नीट मांडले जाणे, म्हणजेच बचाव.